रविवारचे सात पदार्थ

हो-यिन,

भात लावलाय. मी दवाखान्यात चाललेय, बाबांच्या डॉक्टरांना भेटायला. बाबांनी विचारलं तर बाजारात गेलीय म्हण. आणि रविवारच्या जेवणासाठी आता हॉटेलं शोधत बसू नकोस. तुझ्या त्या हॉटेलातलं बदक कितीही चांगलं असू दे, बाबांनी नदीकाठचं जुनं ठरवूनही टाकलंय.

मघाशी तिथल्या मालकीणबाईंचा फोन आला. "सात पदार्थ सांगितलेत त्यांनी. घरात कुणी गेलं का?" मयताहून आल्यावरच सात मांडतात, आईच्या वेळी मांडले तसे. मला वाटलं, म्हातारा मोजायला चुकला. वाफवलेला मासा वाढवून आठ करा म्हटलं.

आत्ता पुन्हा त्यांचाच फोन. बाबांनी मासा काढायला लावला. म्हणाले, "सातच ठेवा. नंतरच्या जेवणाला मी कुठे असणार?"

— ताई