मापाच्या खांबातली खर्पुडी

८ जानेवारी १९७३, खर्डा

पुन्हा तुटले! खर्पुडीच्या रानवेलीचा कंद हातात, खालची मुळे मातीत. सात वर्षांत मुळांसकट एकही अख्खे चित्र नाही. हा मुरूम कुदळीशिवाय सुटत नाही आणि कुदळ मुळांना सोडत नाही. कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे सर म्हणायचे, ‘जमिनीवरचे चित्र कोणीही काढते.’ शाळेतून निवृत्त झाल्यावर हे एकच काम धरले — तेही होत नाही.

९ जानेवारी

दुष्काळी काम चाललेय तिथे गेले. मालनबाईंच्या मजूर बायकांच्या टोळीने तलावासाठी दोन फुटांहून खोल खड्डा केलाय. किती खणले ते मापाला येणाऱ्या ओव्हरसिअर साहेबाला कळावे म्हणून मधोमध मूळ जमिनीचा एक खांब तसाच राखतात. त्याच्या माथ्यावर खर्पुडीची वाळकी वेल! म्हणजे आत सगळे जागच्या जागी.

मालनबाई म्हणाल्या, “बाई, हात न्हाई लावायचा. शनवारी माप हाय. खांब गेला तं आठवड्याची मजुरी गेली.”

शनिवारपर्यंत माती भेगाळेल. यांना कोण सांगणार!

१० जानेवारी

भेगा पडू लागल्या. झोप नाही.

११ जानेवारी

दुपारी सगळ्या बाभळीखाली भाकरी खायला बसल्या. मी चाकूने एका अंगाची माती खरवडली — इंच इंच. कंद नऊ इंचांवर, चपटा. खाली बारीक मुळे. सर्वांत लांब थेट खड्ड्याच्या तळाला, सव्वीस इंचांवर. शेजारी इंचांच्या खुणा घातल्या. चित्र पूर्ण!

पेन्सिल ठेवली आणि खांब कोसळला.

मालनबाई धावत आल्या. “कसा वं पडला?”

“भेगाळला होता,” मी म्हणाले.

कंद टोळीतल्या रतनबाईंच्या नातीने आजीच्या पदराला पुसून तिथेच खाल्ला. गोड लागतो म्हणे. मी कधी चाखलाच नाही.

१३ जानेवारी

माप झाले नाही. ओव्हरसिअर भडकला. “खांबावर माती चढवून उंच केला असणार! पकडले जाऊ म्हणून पाडलात!” काही टोळ्या करतात तसे. या नाही करत.

“लेकराची आन घेते, सायेब. आमी न्हाई वो पाडला,” मालनबाई म्हणाल्या.

मी तिथेच उभी. चित्र पिशवीत. त्यात सव्वीस इंच आहेत, आणि वेलीपासून तळापर्यंत सलग मूळ — चढवलेल्या मातीतून असे मूळ कोण ओवणार? पण बोलले असते तर कागद द्यावा लागला असता. पिशवी काखेत धरली. घरी येऊन मोलकरणीवर ओरडले.

तीस वर्षे खोटे बोलणाऱ्या मुलींना छड्या मारल्या मी!

१४ जानेवारी

संक्रांत. मालनबाई तीळ घेऊन आल्या. गूळ नव्हता. “आता तुमीच सायबाला दोन शब्द सांगा, बाई. तुमचं ऐकंल.”

चहा देते म्हटले. थांबल्या नाहीत.

१५ जानेवारी

साहेबाला सांगितले. खांब मी पाडला. चित्र पुढे ठेवले. साहेबाने त्यावरून माप लिहिले, चित्राच्या चार घड्या करून फाइलीला टाचले. मालनबाई माझ्याकडे पाठ करून खड्ड्यात उतरल्या.