गजेंद्राची हाक

॥ श्री ॥

रत्नागिरी,
चैत्र वद्य पंचमी, शके १८७८

चिरंजीव अच्युत यास वामनाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तेवीस वर्षांत हे माझे तुला पहिलेच पत्र. तू केळशीस काकांच्या आगरात राहतोस, पोफळींना पाणी लावतोस आणि फारसा कोणाकडे जात-येत नाहीस, एवढे येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून समजते. ईशकृपेने आम्ही उभयता आहोत. येथे रामनवमीचा उत्सव यथासांग पार पडला. नऊही दिवस पुराण मीच सांगितले. पूर्वी श्रोते सभामंडपात मावत नसत. यंदा अष्टमीस अकरा होते, आणि त्यांतले दोघे खांबाला टेकून निजले होते. मोहोर धुक्याने जळाल्यामुळे आंबा कमी आहे. तुझ्या वहिनीची दृष्टी दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने पूर्णपणे गेली. तरी घरातले सर्व ती हाताच्या अंदाजाने करते. देवांना फुलेसुद्धा तीच वाहते.

पत्रास निमित्त असे की, तुझे चित्र येथे पुन्हा आले होते. तुला कळवावे असे वाटले. कळवण्यात आनंद आहे असे समजू नकोस.

जैनुद्दीन तुला ठाऊक नसेल. बत्तीस वर्षांपूर्वी, मूकपटांच्या काळात, यंत्राची मूठ फिरवणारा राजिवड्याचा पोरगेला माणूस. आता त्याची दाढी पांढरी झाली आहे आणि मांडवीच्या वाळूवर त्याचा स्वतःचा तंबू आहे. उत्सवासाठी काही धार्मिक हवे म्हणून त्याने कोणा व्यापाऱ्याच्या अडगळीतून जुनी रिळे सोडवून आणली. नवमीस सकाळी तो ओटीखाली येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "भटजी, तुमचा हत्ती परत आलाय. संध्याकाळच्या पहिल्या खेळाला वैनीबायला घेऊन या."

त्याने 'तुमचा' म्हटले, हे मला गोड वाटले. तुझे नाव त्याने काढले नाही.

ते दिवस तुझ्या स्मरणात नसतील, कारण तू येथे नव्हतास; होता तो पडद्यावर. आपण सख्खे चुलतभाऊ, एकाच मांडवात मुंज झालेले. देवाने वाटणी मात्र चमत्कारिक केली. मला कंठ दिला आणि तुला मुख. तुझी जीभ प्रत्येक तिसऱ्या शब्दाला अडे, म्हणून आजोबांनी पुराणाची पोथी मला दिली. तू माझ्या लग्नानंतर महिन्याभरात चित्रांच्या कंपनीत निघून गेलास, जेथे कोणाला बोलावेच लागत नव्हते. तू विष्णू झालास. ते गजेंद्राचे चित्र येथे आले तेव्हा, पडद्यावरचे लेख वाचता न येणाऱ्यांना कथा समजावी म्हणून पडद्याशेजारी पेटीवाला आणि कथेकरी बसवण्याची रीत होती. कथेकरी मी होतो. सरोवरात उतरलेल्या हत्तीचा पाय नक्राने धरला, सगेसोयरे त्याला टाकून गेले, आणि त्याने सोंडेत कमळ धरून देवाला हाक मारली. ती हाक माझी होती. ती ऐकून वैकुंठाहून जो निघे, तो तू.

एकवीस दिवस तो खेळ चालला. लोक पडद्यापुढे नारळ ठेवीत. मलाही ते चित्र फार आवडे, हे आज प्रामाणिकपणे लिहितो. इतके आवडे की पुराणात तो प्रसंग आला म्हणजे डोळे मिटताच मला तुझेच रूप दिसे, आणि मग मी डोळे उघडून पोथीत पाहू लागे.

तर नवमीस आम्ही गेलो.

अच्युता, ते चित्र आता पाहवत नाही. नव्या यंत्रावर जुनी रिळे जलद धावतात म्हणे. त्यामुळे साक्षात लक्ष्मीपती हर्णैची बोट चुकेल अशा लगबगीने दुडदुडत येतो. गरुडाला बांधलेला दोर स्पष्ट दिसतो. हत्तीच्या कातड्यात दोन माणसे आहेत आणि पुढच्याचे मागच्याशी पटत नाही. नक्र म्हणजे पेंढा भरलेले गोणपाट. लक्ष्मीच्या हनुवटीवर दाढीची निळसर छटा आहे. तुझ्या मागच्या दोन लाकडी हातांपैकी उजवा हात चक्रासकट हळूहळू खाली कलत जातो, आणि तू खऱ्या हाताने तो हळूच वर सारतोस. हे सर्व तेव्हाही असेलच. आम्हाला कसे दिसले नाही, याचे आश्चर्य वाटते. तुझ्या दंडावर देवी टोचल्याचे दोन वण आहेत. ते दिसताच मागून कोणीतरी ओरडले, "देवालाही टोचून घ्यावं लागलं काय रे?" आणि सारा तंबू खदखदा हसला.

मीही हसलो. खोटे कशास लिहू? बत्तीस वर्षे छातीत रुतलेली सल निघावी तसा हसलो.

येथे तुझ्या वहिनीविषयी लिहिणे भाग आहे. त्या एकवीस दिवसांत ती एकही खेळ चुकली नाही. बायकांच्या बाजूला, कनातीच्या खांबाजवळ बसे. मला वाटे, माझी वाणी ऐकायला येते. पाचव्या की सहाव्या दिवशी सहज तिकडे पाहिले, तर पडद्यावर तू प्रकटताच तिने हात जोडलेले. पुढे रोज पाहू लागलो. हाक मी मारी, आणि तिचे हात तुझ्यासाठी जुळत. खेळ संपल्यावर वाटलेली तुझ्या रूपाची जाहिरात तिने काचेच्या चौकटीत बसवून देव्हाऱ्यात ठेवली आणि त्यावर रोज एक फूल वाहू लागली. मी काय म्हणणार होतो? देवाची तसबीर काढ, असे पुराणिकाने बायकोला कोणत्या तोंडाने सांगावे? नवऱ्याला इतर कोणाचाही मत्सर करता येतो. शंख-चक्र धारण केलेल्याचा करता येत नाही. आणि ज्याला करता येत नाही त्याला तो रात्रंदिवस जाळतो. ती जाहिरात पुढे वाळवीने खाल्ली.

यंदाही ती तंबूच्या खांबाजवळच बसली होती, शेजारी मी. तंबूत सगळे हसत होते. तिने माझी बाही ओढली आणि विचारले, "अहो, लोक का हसताहेत?"

मी सांगितले. गोणपाट सांगितले, दोर सांगितला, लाकडी हात सांगितला, दंडावरचे वण सांगितले. जरा चवीनेच सांगितले. तुझे पोट सुटलेले दिसते, असेही सांगितले, जे खरे नव्हते. तिने माझी बाही सोडली. मग म्हणाली, "ते राहू दे. तुम्ही पूर्वीसारखी कथा सांगा ना."

मी उठलो तो तिच्यासाठी नव्हे, तुझ्यावर मात करण्यासाठी उठलो. या हसणाऱ्या पोरांना कळू दे, की ते चित्र ज्याच्या बळावर चालले ते मुख नव्हते, वाणी होती, असे मनात होते. जैनुद्दीनने मला पडद्याकडे जाताना पाहिले आणि वाजत असलेली तबकडी थांबवली. मी आरंभ केला. सरोवराचे वर्णन केले, कळपाचे केले, नक्राची मिठी सांगितली. तंबू शांत झाला. खरोखर शांत झाला, अच्युता. पेंढ्याचे गोणपाट लोकांना पुन्हा नक्र दिसू लागले. मागचे दिवस परत आले असे मला वाटले, आणि मी हाकेला लागलो.

हाक अर्ध्यावर फुटली. वर चढेना. खोकला आला, घसा खरखरला, आणि वाळलेल्या झावळ्या ओढाव्यात तसा काही आवाज निघाला. मागून तोच पोर म्हणाला, "भटजी, हत्ती मेला." पुन्हा हशा. तुझ्या मुखाला जे झाले तेच माझ्या कंठालाही झाले होते. फरक एवढाच, की तुझे पडद्यावर लांबून दिसत होते आणि माझे मी स्वतः उभा राहून दाखवत होतो.

तेवढ्यात तू आलास. हाक पुरी व्हायची वाट न पाहता, तुझ्या त्या दुडक्या चालीने, आलास. मी सवयीने खांबाकडे पाहिले. तिने हात जोडले होते.

तिला डोळे नाहीत. तू पडद्यावर आलास हे तिला कोणी सांगितले नव्हते. लोक तर मला हसत होते. परतताना वाळूतून तिचा हात धरून चाललो होतो. मांडवीच्या बंदराशी आल्यावर मी विचारले, तो आला हे तुला कसे समजले?

ती म्हणाली, "तुमच्या आवाजावरून. भावजी दिसले की तुमचा आवाज चरचरायचा. तेव्हाही. एकवीसच्या एकवीस दिवस. दोर आणि गोणपाट मला तेव्हाच दिसले होते, म्हणून मी डोळे मिटून ऐकत बसायची. आवाज चरचरला की समजायचं, देव आले."

बंदर मागे पडल्यावर तीच म्हणाली, "मिऱ्याची वाट विचारणाऱ्या माणसाबद्दल सांगितलंत, तेव्हाही तसाच चरचरला होता."

ही गोष्ट तुला अर्धीच ठाऊक आहे. तेवीस वर्षांपूर्वी बोलपटांनी तुझी कामे काढून घेतली आणि तू बोटीने येथे आलास. बोलपटांनी माझेही पडद्याशेजारचे आसन त्याच सुमारास काढून घेतले होते. तेव्हा तरी आपण दोघे एका पारड्यात होतो. तू ओटीवर उभा होतास. तुझ्या हातात वळकटी होती. काही दिवस राहू का, एवढे विचारायला तुला फार वेळ लागला. मी म्हणालो, "तुझी वहिनी म्हणते, देवाची सोंगे करून पोट भरणाऱ्याला आमच्या ओटीवर जागा नाही." ते शब्द तिचे नव्हते. तिला तू आल्याचे माहीतही नव्हते. ती मागील दारी विहिरीवर होती. तुझ्यापुढे ठेवलेला तांब्या तसाच भरलेला ठेवून तू खाली उतरलास. ती आत आली, तांब्या पाहिला आणि विचारले, कोण आले होते? मी सांगितले, मिऱ्याची वाट विचारणारा कोणी वाटसरू.

माझे शब्द मी तिच्या मुखी घातले. जन्मभर दुसऱ्यांच्या मुखाला वाणी देत आलो, ती विद्या अशा कामी लावली. आणि तिने तेवीस वर्षे मला काही विचारले नाही. का नाही विचारले, हे मी तिला विचारले, तर म्हणाली, "तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहिली."

आणखी एक खोटे या पत्रातच वर लिहिले आहे, ते खोडत नाही. खाडाखोड केलेले पत्र तू आणखी संशयाने वाचशील. ती जाहिरात वाळवीने खाल्ली नाही. दोन वर्षांपूर्वी तिचे डोळे गेले, त्याच आठवड्यात मी ती चौकटीतून काढून चुलीत घातली. चौकट देव्हाऱ्यात आहे. ती रोज हाताने चाचपून काचेवर अनंताचे, कधी जास्वंदीचे फूल ठेवते, आणि मी शेजारी बसून संध्या करतो. रिकाम्या काचेवरचे फूल मला रोज दिसते. हे तिला अजून सांगितलेले नाही. सांगू लागलो तर आवाज चरचरेल आणि पुढचे तिला आपोआप कळेल, म्हणून त्या विषयाजवळही जात नाही. कदाचित तिला ठाऊक असेल. विचारण्याचे धैर्य नाही.

तुझ्याकडे त्या रूपाची एखादी जाहिरात शिल्लक असेल तर घेऊन ये. नसेल तर तसाच ये. ज्येष्ठ लागण्यापूर्वी बोटी बंद होतील. हर्णैला चढलास तर संध्याकाळपर्यंत मांडवीला उतरशील. माझी पावले मंदावली आहेत, तरी बंदरावर मी येईन. आपण दोघांनी तिच्यासमोर बसावे, आणि ते शब्द कोणाचे होते हे मी तुझ्यादेखत सांगावे, एवढे या देहाने उरकले पाहिजे. तिची प्रकृती फार दिवस वाट पाहण्यासारखी नाही. हे आधीच लिहायला हवे होते. आंब्याचा मोहोर आधी लिहिला.

माझा मत्सर गेला, असा समज करून येऊ नकोस. साठी उलटून सहा वर्षे झाली, सगळी पुराणे सांगून झाली, आणि तो जेथे होता तेथेच आहे. हे पत्र लिहितानाही, तू पायरी चढशील तेव्हा तिचे हात जुळतील, या विचाराने ओठांतल्या ओठांत पुटपुटलेला आवाज चरचरतो. चरचरू दे. तू न बोलता उभा राहा. तुझी जीभ अडेल, तर अडू दे. मी फक्त "ये" म्हणेन. ते ऐकूनच तिला कळेल, की तू आला आहेस.

वडिलांनी धाकट्यास आशीर्वाद लिहून पत्र संपवावे, अशी आपल्या घरची रीत आहे. ज्याच्याकडे काही मागायचे त्याला आशीर्वाद कसा द्यावा, हे मला सुचत नाही. म्हणून वडीलपण बाजूला ठेवून लिहितो,

तुला साष्टांग नमस्कार.

तांब्या भरून ओटीवर बसलेला,
वामन