एका प्रकरणापुरती शेजारीण

प्रिय उषा,

बेबीनंदा तुझ्याकडची भांडी उरकून माझ्याकडे येते. उद्या ती परत तुझ्या दारावरून जाईल तेव्हा हे पत्र तिच्या हाती देईन. फोन तू उचलत नाहीस, आणि त्या दिवशी भाजीबाजारात समोर आलीस तेव्हा हातातली मेथीची जुडी तशीच टाकून वळून गेलीस. मी रागावले नाही. एका भिंतीच्या दोन बाजूंना इतकी वर्षं संसार केला आपण. तुझ्याकडे आज कशाला फोडणी पडली, हे मला अजून वासावरून कळतं. आणि तुझ्याशी बोलायचं तर आता कागद घेऊन बसावं लागतंय.

माझं बाहेर जाणं जवळजवळ थांबलंच आहे. श्रेणिकचे पप्पा दुकानाला जाताना फाटकाला बाहेरून कुलूप लावतात. रागानं नाही गं, भीतीनं. ‘कोण येऊन काय बोलून जाईल, भरोसा न्हाई,’ म्हणतात. दुपारी जेवायला आले की उघडतात, तेवढ्या वेळात बेबीनंदा काम उरकते, आणि जाताना पुन्हा लावतात. गल्लीकडची खिडकी उघडली तर जाणारे-येणारे मान फिरवतात, म्हणून तीही बंदच ठेवते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा मला कुणाचं बोलावणं आलं नाही. मग दिवसभर करणार काय? माळ्यावरची ट्रंक काढून घेतली आणि आपल्या सगळ्या रहस्यकथा पहिल्यापासून वाचायला लागले.

मी लग्न होऊन अजमेरहून परतूरला आले तेव्हा मला मराठीतलं ‘पाणी’ आणि ‘नको’ एवढंच येत होतं. ‘संतोष? हे तर गड्याचं नाव!’ म्हणून तू हसलीस, आणि आमच्याकडे ते बायकांचंही असतं हे मला सांगता येईना. तू ओट्यावर तुरीची डाळ निवडत बसायचीस आणि वाचनालयातून आणलेली रहस्यकथा मोठ्यानं वाचायचीस. मी शेजारी बसून ऐकायचे. ‘प्रेत’, ‘संशयित’, ‘धागेदोरे’ हे शब्द मला ‘मुलगा’, ‘सुट्टी’च्या आधी आले. एकदा भाजीवालीनं वांग्यांचा भाव जास्त सांगितला तेव्हा मी तिला म्हटलं, ‘यामागे आपला हेतू काय?’ ती घाबरून दोन वांगी जास्त देऊन गेली, आणि तू हसून हसून ओट्यावर आडवी झालीस. आजही माझी मराठी पुस्तकीच आहे. गल्लीतल्या बायका बोलतात तशी मला जमत नाही. तू मला जशी शिकवलीस तशीच राहिली.

आपले वाद आठवतात. तुझं म्हणणं, जो सगळ्यांत गोड बोलतो त्यानंच केलेलं असतं. माझं म्हणणं, कुणाचा फायदा झाला ते आधी बघावं. बहुतेक वेळा तूच जिंकायचीस. मला गुप्तहेराचा कंटाळा यायचा, कारण तो कधी चुकायचा नाही. आणि तुला तोच आवडायचा, निखिलचे वडील गेल्यावर तर जास्तच. ‘एक तरी माणूस पाहिजे गं, ज्याला सगळं बराबर कळतं,’ म्हणायचीस. निखिल तेव्हा शाळेत होता. तुला ऑफिसातून यायला उशीर झाला की तो माझ्याकडे जेवायचा आणि जेवता जेवता माझ्या मांडीवरच झोपायचा. 

मग तू जान्हवीला सून करून आणलंस आणि आपल्या दोघींत तिसरी आली. कशी होती ती! पुस्तक हातात पडलं की सरळ शेवटचं पान उघडायची. तू ओरडायचीस, ‘अगं, मंग मजा काय राह्यली?’ ती म्हणायची, ‘आई, कोणी केलं ते आधी समजलं ना, की मला भीती वाटत न्हाई. मंग नीट वाचता येतं.’ आणि खरंच, तिचं वाचणं आपल्यापेक्षा नीट होतं. आपण खुनी शोधत पळायचो. ती मात्र जो मेला त्याच्याबद्दल विचारायची. त्याला काय आवडायचं, त्याच्या मागे घरी कोण रडलं. ‘पहिल्या पानावर मारून टाकतात आणि मंग त्याचं कुणी नावच काढत न्हाई,’ म्हणायची. मी तेव्हा तिला म्हटलं होतं, वेडे, ती गोष्ट आहे.

आता पुन्हा वाचताना माझी सगळी मतं बदलली. या पुस्तकांत शोधणं अवघड असतं आणि सांगणं सोपं. शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात बसवायचं, बोट दाखवायचं, की झालं. उषा, हे उलटं आहे गं. आपल्या गल्लीत शोधायचं काय होतं? सगळ्यांना माहीत आहे. दूधवाल्यापासून डॉक्टरापर्यंत सगळ्यांना. फक्त बोलायचं नाही, एवढंच ठरलेलं आहे. आणि दुसरं. प्रत्येक पुस्तकात एक म्हातारी शेजारीण असते. चौथ्या-पाचव्या प्रकरणात येते, आपण काय पाहिलं ते सांगते, गुप्तहेर तिला धन्यवाद देतो आणि ती पुस्तकातून निघून जाते. ती दुसऱ्या दिवशी कोथिंबीर आणायला कशी जाते, हे एकाही लेखकानं लिहिलेलं नाही. मी सगळी ट्रंक शोधली.

मागच्या उन्हाळ्यातली ती दुपार. मी मुगाचे पापड गोळा करायला गच्चीवर गेले होते. तुझ्या गच्चीवर नवीन खोलीचं काम काढलेलं, मागचा कठडा पाडलेला. जान्हवी दोरीवरचे कपडे काढत होती आणि निखिल तिच्याशी बोलत होता. आधी हळू, मग मोठ्यानं. जालन्याच्या कॉलेजात तिला प्रयोगशाळेतली नोकरी लागली होती, तुला माहीतच आहे. ती म्हणत होती, ‘सोमवारी मी जाणार. आईंना सांगितलंय.’ तो म्हणाला, ‘जाऊन दाखव ना मंग.’ ती वळली. त्यानं तिचा दंड धरला, तिनं तो सोडवून घेतला, आणि मग त्यानं दोन्ही हातांनी तिला ढकललं. ती पडली नव्हती उषा. ती घसरली नव्हती. मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाजवळ आवाज झाला, आणि त्यानंतर निखिलनं मान वर केली. आमची नजरानजर झाली. मी पाण्याच्या टाकीशी उभी होते, हातात पापडाचं ताट. तो जिन्यावरून ओरडत खाली धावला, ‘जान्हवी पडली! आई, जान्हवी पडली!’

जालन्याला नेताना वाटेतच ती गेली. संध्याकाळी पोलीस आले, त्यांनी मला विचारलं, मी पाहिलं ते सांगितलं. त्यात माझं काही धाडस नव्हतं. विचारलं आणि तोंडातून निघालं, इतकंच. धाडस काय असतं ते नंतर कळायला लागलं.

तुझा भाऊ भागवत दुकानात येऊन बसतो. चहा घेतो, श्रेणिकची चौकशी करतो, गुडघ्यांना कोणतं तेल लावता म्हणून विचारतो. आवाज कधी चढवत नाही. जाताना म्हणतो, ‘शेठ, काकूंचं वय झालं. उन्हात डोळ्यांपुढं काय बी येतं. तुम्ही समजावून सांगा.’ तुझं ते गोड बोलणाऱ्याचं मत मला अशा वेळी आठवतं. श्रेणिकचे पप्पा घरी येऊन ताटावर बसतात आणि जेवत नाहीत. म्हणतात, ‘आपले आजोबा इथं आले तेव्हापासून कुणाशी वाकडं घेतलं न्हाई. बाहेरचे ते बाहेरचेच असतो आपण.’ पुण्याहून श्रेणिकचा फोन येतो, ‘मम्मी, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राह्यलंय ना? कोर्टात तेवढंच सांगा. खोटं कुठं आहे त्यात?’ खोटं नाही, बरोबर आहे. डाव्या डोळ्याला मोतीबिंदू आहे. पण तुझी गच्ची माझ्या गच्चीपासून इतकी जवळ आहे की आपण कठड्यावरून लोणच्याची बरणी एकमेकींना द्यायचो.

आणि निखिल जामिनावर सुटून आला. पहिल्याच दिवशी मी तुळशीला पाणी घालत होते, फाटकाच्या पलीकडून म्हणाला, ‘काकू, बरंय ना?’ लहानपणी विचारायचा तसंच. मी तांब्या तसाच घेऊन आत आले. उषा, मला त्याचा राग यायला पाहिजे. येतोही. पण त्याचा आवाज ऐकला की आधी आठवतं ते त्याचं माझ्या मांडीवरचं झोपलेलं तोंड, तोंडाला लागलेला वरणभात. हे मी कुणाला सांगू? या सगळ्या पुस्तकांत खुन्याला आई नसते. काका असतो, सावत्र भाऊ असतो, भागीदार असतो. आई कुठंच नाही. मी शेकडो पानं उलटली. लेखकांना ठाऊक असणार, आई आणली की शेवटचं प्रकरण लिहिता येणार नाही.

मी मागे फिरले असते का? खरं सांगते, थंडी सुरू झाली तेव्हा मी जवळजवळ फिरलेच होते. श्रेणिकच्या पप्पांनी अजमेरची तिकिटं काढली होती, नणंदेकडे लग्न आहे म्हणून. कोर्टातली तारीख होईपर्यंत तिकडंच राहायचं. मी बॅग भरली होती. त्याच दुपारी जान्हवीची आई, द्वारकाबाई, आष्टीहून आल्या. फाटकाला कुलूप. त्या बाहेर पायरीवर बसल्या, मी आत पाटावर. मला वाटलं, या रडतील, हात जोडतील, ‘साक्ष द्या’ म्हणतील. त्यांनी तसलं काही म्हटलं नाही. एवढंच विचारलं, ‘बाई, तिला नीट अशी शेवटची तुम्हीच पाह्यली. अंगात काय होतं तिच्या? आम्हाला दवाखान्यातून चादरीत दिली.’ मी सांगितलं, अबोली रंगाचा ड्रेस होता, ओढणी कमरेला बांधलेली, आधी कपडे काढताना चिमटे दातांत धरलेले. ‘चिमटे दातांत?’ त्या म्हणाल्या. ‘हं. लहानपणापासून तसंच करायची.’ आणि उठून बसस्टँडकडे गेल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही. मी आत जाऊन बॅग रिकामी केली.

श्रेणिकच्या पप्पांना त्याच दिवशी सांगितलं, मी अजमेरला येणार नाही. तेव्हापासून आम्ही दोघं या घरात एकमेकांना ताट वाढण्यापुरते बोलतो. ते मला बाहेर सोडत नाहीत आणि मी ऐकत नाही. कुलूप अजून लागतंच आहे.

हे सगळं तुला आज का लिहिलं, ते आता सांगते. समन्स आलं आहे. शुक्रवारी जालन्याच्या कोर्टात माझी साक्ष आहे. पोलीस ठाण्यातल्या बाई मला न्यायला येणार आहेत, तेव्हा तरी फाटक उघडेल. मी गच्चीवर जे पाहिलं ते सगळं सांगणार आहे, आणि ते तू परक्यांच्या गर्दीत बसून पहिल्यांदा ऐकू नयेस असं मला वाटलं. अजून एक. त्या दिवशी जान्हवीपाशी सगळ्यांत आधी तू पोचलीस. तिचं डोकं तू मांडीवर घेतलंस. तिचे ओठ हलले, तू खाली वाकलीस, आणि मग मान वर करून निखिलकडे पाहिलंस. हे मी वरून पाहिलं. पोलिसांना तू सांगितलंस, ती काही बोलली नाही. मला काही ऐकू आलं नव्हतं, म्हणून ती काय म्हणाली हे मी कधी कुणाला सांगणार नाही, आणि तुलाही विचारणार नाही. पण कोर्टानं विचारलं तर तू वाकलीस हे मला सांगावं लागेल. त्यापुढचं तुझ्यापाशी आहे, आणि शुक्रवारपर्यंत वेळ आहे. वकील मला विचारतील, आरोपीशी तुमचं काय वैर? मी सांगेन, वैर बिलकुल नाही, त्याची आई माझी मैत्रीण. त्या वाक्याच्या शेवटी मी ‘आहे’ म्हणायचं की ‘होती’, तेवढं मला सांगून ठेव.

तुझीच,
संतोष