सोर्स ए कितपत खरा?

३ मार्च २००६, एजवेअर, लंडन
निधीचं हिस्टरीचं पुस्तक चाळलं. हसावं की रडावं! धड्याखाली प्रश्न काय, तर 'हे पत्र लिहिणाऱ्यावर तुम्ही कितपत विश्वास ठेवाल? का?' अरे, सन विचारा, तह विचारा, कलमं विचारा. विश्वास ठेवायचा नव्हता तर पुस्तकात छापलंत कशाला? मला दहावीला इतिहासात ८८ होते. पाठांतर. बास.

५ मार्च, रविवार
नवीन असाइनमेंट. घरातल्या एकाची शाळेची आठवण लिहून घ्यायची आणि ती तपासायची. यावर टॉप सेट, म्हणजे हुशार मुलांची तुकडी, ठरणार. गेल्या टर्मला पोरगी माझी उत्तरं घोकून गेली आणि खालच्या सेटमध्ये पडली. त्यांच्या मिस हार्डिंगना मुद्दे मोजता येत नाहीत, त्याला मी काय करू?
निधी रडकुंडीला आलीय. म्हटलं, मी आहे ना. आठवण सांगितली: ८८ मार्क, शाळेत पहिला, हेडमास्तरांनी पाठ थोपटली. तपासणीही मीच डिक्टेट केली. पाच मार्क, पाच मुद्दे, खाली रेघ.

८ मार्च
निधी लीड्सला शशिधरदादाशी फोनवर अर्धा तास. म्हणे क्रॉस-चेक. सख्ख्या बापाचा! अनुराधाचं म्हणणं, अहो, या वेळी तिचं तिला करू द्या. हिला शिक्षणातलं काय कळतंय? पेरेंट्स इव्हिनिंगला मिस हार्डिंगची शाळा घेणार. सहा मुद्दे काढलेत. पाठांतर चालू आहे.

२३ मार्च, पेरेंट्स इव्हिनिंग
निधी टॉप सेटमध्ये. तिचा निबंध वर्गाच्या भिंतीवर, लॅमिनेट करून. समोर सगळ्या गावाचे आईबाप.
'सोर्स ए: माझे बाबा. सोर्स बी: काका, बाबांचा रिझल्ट आणायला तेच गेले होते. बी सांगतो, इतिहासात ४१. ए विश्वासार्ह नाही, पण उपयोगी आहे. बाबांना काय व्हायला हवं होतं, ते त्यातून कळतं.'
लाज वाटली. सहाच्या सहा मुद्दे विसरलो. मिस हार्डिंग म्हणाल्या, "यू मस्ट बी प्राउड." हो म्हटलं.

२४ मार्च, सकाळ
चहा घेताना निधी सांगत होती, खासगी डायरी हा चांगला सोर्स. कुणी वाचणार नसेल तर माणूस खोटं कशाला लिहील, बाबा?
ती शाळेत गेल्यावर ३ तारखेचं पान काढलं. तिथेही ८८च लिहिलेत.