दिवा नसलेला डबा

३ मार्च. सकाळी ७.१०
आजपासून रोज लिहायचं.
माळ्यावर इस्त्री शोधत होतो, लेकीचा जुना व्हिडिओ गेम सापडला. ही लेकीच्या बाळंतपणाला पंधरा दिवस म्हणून गेली, त्याला आता आठवा महिना लागला. त्यामुळे घरातली वस्तू कुठे आहे हे मला शोधूनच काढावं लागतं. मीच हिला सांगितलंय, हवं तितकं राहा. मला एकट्याला बरं पडतं.
गेमला आमच्याकडे ‘डबा’ म्हणत. राखाडी, वर कॅसेट खुपसायची खाच. नेटवर सहज बघितलं तर कळलं, या डब्याच्या पहिल्या बॅचला चालू-बंदचा दिवाच नव्हता. पुढच्या सगळ्यांना लाल दिवा आहे. आमच्या डब्याला दिवा नाही. तीनदा बघितलं. चहा गार झाला.
लाल दिवा होता असं काहीतरी अंधुक आठवतं. पण आठवण म्हणजे रीडिंग नव्हे. टीव्हीचा असेल.

४ मार्च
शिस्तीत सुरुवात. एकतीस वर्षं विजेचे मीटर तपासले. नुसतं सील बघून दोनशेच्या वर लबाड पकडले. माझ्या डोळ्यात धूळ फेकणारा अजून जन्मायचाय. डबा काय, मीटरच्या मानाने किरकोळ.
पहिली बॅच: दिवा नाही, तळाला सहा स्क्रू, नंबरची सुरुवात ०१. तिसरी बॅच: दिवा, चार स्क्रू, सुरुवात ०३. ही गल्लोगल्ली सापडते.
आमचा: दिवा नाही. स्क्रू चार. नंबरचा दुसरा आकडा घासला गेलाय, पण भिंगातून १ दिसतो. ३ पण दिसतो. भिंग जुनं आहे.
दोन स्क्रू पडले असणार. भोकंही चारच आहेत, त्याचा विचार उद्या.

६ मार्च. ११.३०
लेकीला फोन केला. एरवी उठसूट करत नाही, तिला कामं असतात, मलाही असतात. नातीला अंघोळ घालत होती, फोन स्पीकरवर. डब्याचं सांगितलं तर म्हणाली, बाबा, तो अजून आहे? देऊन टाका ना भंगारात. जगात मोजकेच उरलेत म्हटलं. मग म्हणाली, बरं, खरंच दुर्मिळ निघाला तर आम्ही तिघी येतो बघायला. चांगले आठ दिवस राहतो.
येतो हा शब्द आठ महिन्यांत पहिल्यांदा ऐकला. तारीख विचारणार तेवढ्यात नातीच्या डोळ्यात साबण गेला. मागून हिने विचारलं, बीपीची गोळी घेतली का. घेतली म्हणालो. मग घेतली.
आता डबा पहिल्या बॅचचा आहे हे सिद्ध करणं एवढंच काम. बाकी सगळं बंद.

९ मार्च. दुपारी
जुने गेम जमवणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये शिरलो. तिथे एकजण आहे, सगळे त्याला बोर्डबाबा म्हणतात. त्याचा शब्द शेवटचा. त्याने कळवलं की काका, चार स्क्रू म्हणजे तिसरी बॅच, उगाच आशा ठेवू नका. आणि पहिल्या बॅचमध्ये दिव्याच्या जागी प्लास्टिक सपाट असतं. तुमचं सपाट आहे का?
बोट फिरवलं. एक बारीकसा काळा उंचवटा लागतो, तिळाएवढा. सपाट आहे असं कळवलं. तिळाएवढ्याने काय होतं.
तो म्हणतो उघडून बोर्डवरचा आकडा बघा, वाद मिटेल. सील पंचांशिवाय उघडू नये हा माझा नियम. दोन पंच लागतात. घरात दुसरा माणूस नाही. पहिलाही मीच.

११ मार्च
संशोधनासाठी आतली खोली रिकामी केली. माझे कपडे बाहेर आणले. गादीला ऊन दाखवलं, नवी चादर घातली. जिन्याला लहान मुलांसाठी असतं ते फाटक बसवून घेतलं, डबा सुरक्षित राहावा म्हणून. बसवणाऱ्याने विचारलं, मूल केवढं आहे? आठ महिन्यांचं, म्हणालो. रांगतं का, म्हणाला. मला माहीत नव्हतं. रांगतं म्हणालो.

१४ मार्च. संध्याकाळी ५
कोपऱ्यावरचा मिक्सर-पंखेवाला पंच म्हणून आला. शेजारच्या बाईंना विचारलं होतं, त्यांना वेळ नव्हता. एका पंचावर काम चालवलं.
डबा उघडला. बोर्डवर छापलंय ०३. स्वच्छ. भिंगाची गरज पडली नाही.
पंखेवाल्याने वायर जोडली, म्हणाला, साहेब, हा काय तुमचा दिवा. खरंच, आतून लाल पेटला होता. झाकण ठेवलं की गायब. नख लावून म्हणाला, रंग आहे कसलातरी, खरवडतो. त्याचा हात धरला. पुराव्याला हात लावायचा नसतो. मग त्याला सगळं समजावून सांगितलं: बोर्ड तिसऱ्या बॅचचा, पण दिवा कारखान्यातच बुजवलेला. म्हणजे पहिल्याहून दुर्मिळ. तो म्हणाला, दुकान उघडं टाकून आलोय.

१५ मार्च. सकाळी
चार पानी अहवाल तयार. सारांश: जगातला एकमेव. काळ्या ठिपक्याचा फोटो मोठा करून लेकीला पाठवला. खाली लिहिलं, या.

१५ मार्च. १०.४०
तिने स्वतःहून फोन केला. वीस मिनिटांत. बोलेचना, नुसती हसत सुटली, इतकी की नात दचकून रडायला लागली.
ते नेलपॉलिश आहे म्हणे. काळं, शाळेच्या नाटकात चेटकीण झाली होती तेव्हाचं. परीक्षेच्या वर्षी मी डब्यावर बंदी घातली होती. फिरती संपवून दोनला घरी येऊन मी बाहेरच्या खोलीत आडवा व्हायचो. तिथून दारातून टीव्ही दिसायचा नाही, डब्याचा दिवा तेवढा दिसायचा. मी म्हणे खाटेवरूनच ओरडायचो, दिवा दिसतोय मला, बंद कर. म्हणून तिने दिवाच रंगवला आणि आवाज बंद करून वर्षभर खेळली. आईला माहीत होतं का, विचारलं. आईनेच बाटली धरली होती.
दोनशेच्या वर लबाड पकडले. घरातले दोन सुटले.
मला पहिल्यापासून माहीत होतं, असं सांगितलं. तुमची गंमत करत होतो. ती म्हणाली, हो का. मग म्हणाली, बघू, सुट्टी मिळाली की येऊ. नात रडत होती, मीच म्हणालो, ठेव.
नात रांगते का, हे विचारायचं राहिलं.

१६ मार्च. दुपारी २.२०
फाटक परत द्यायला गेलो. दुकानदार वापरलेलं घेत नाही म्हणाला. वापरलेलं नाही हे त्याला पटवता आलं नाही. घरी आणून परत जिन्याला लावलं. असू दे.
नेलपॉलिश काढायचं रिमूव्हर आणलं होतं. उघडलं नाही.
डबा आतल्या खोलीत जुन्या जागी मांडला. वायर जोडली, बटण दाबलं आणि बाहेर खाटेवर येऊन आडवा झालो. इथून टीव्ही दिसत नाही. दिवा दिसत नाही. तेव्हा एक डोळा उघडून बघायचो, दिवा नाही म्हणजे लेक अभ्यासाला बसलीय, असं म्हणून निवांत झोपायचो. आणि ती पाच पावलांवर खेळत असायची. ही तिच्या शेजारी बसून बघत असणार.
आता डबा चालू आहे. पण इथून बघणाऱ्याला बंदच वाटेल, आत कोणीतरी अभ्यास करतंय असं.
जरा पडतो.