पाहुणा आला तरच

बाबा, माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला तुझाच आजार झाला आहे. काल डॉक्टरांनी रक्तातल्या युरिक अ‍ॅसिडचा रिपोर्ट पाहून तसं सांगितलं, आणि माझ्या सुनेने तो त्यांच्या हातातून घेऊन दोनदा वाचला, म्हणजे आता शंकेला जागा नाही. मटण कमी करा, कलेजी आणि वजडी तर विसराच, असं म्हणाले. बंद करा असं म्हणाले नाहीत. तुलाही कोणी बंद कर म्हटलं नव्हतं. इतक्या वर्षांनी मला तेच डाचतं आहे, आणि ते ऐकवायला तू समोर नाहीस म्हणून कागद घेतला.

डोंबिवलीच्या त्या दवाखान्यात मी तुझ्याबरोबर होतो. देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी ठाण्याच्या एका साप्ताहिकात नुकता लागलेलो, तू खाडीवरच्या मिठागरात मुकादम. अंगठा वांग्यासारखा सुजून चकाकतो आहे, आणि तू तो डॉक्टरांपासून लपवावा तसा दुसऱ्या पायाच्या मागे ओढतो आहेस. डॉक्टर सावकाश बोलत होते. "मुकादम, रोजचं आहे ते आठवड्यावर आणा. एकदम सोडायला गेलात तर आठ दिवसांत पुन्हा धराल. डाळ वाढवा, भाजी वाढवा, मटणाची जागा आपोआप कमी होईल." तू मान डोलावलीस आणि पायरी उतरता उतरता मला म्हणालास, "भाजी खानाऱ्याला काय म्हाईत मटान?"

नियम शेवटी आईने केला. "पावना आयला तर मटान शिजल. नाय आयला तर नाय." पाहुण्याच्या पानात मटण नसणं म्हणजे आपल्याकडे त्याचा अपमान, म्हणून तेवढी एक वाट तिला उघडी ठेवावी लागली. एरवी ती तेच वाटण वाटायची, भाजलेलं खोबरं, कांदा, लसूण, आणि त्यात वाल नाहीतर शेवग्याच्या शेंगा सोडायची. दारापर्यंत येणारा वास तोच. पहिल्या दिवशी तू ताटातली शेंग उचलून उजेडात धरलीस आणि विचारलंस, "ही कंच्या बोकराची?"

"ज्याचा पाय सुजला नाय, त्याची," आई म्हणाली.

तीन-चार आठवड्यांत सूज उतरली. चप्पल पायात शिरायला लागली. जेवल्यावर दुपारभर आडवा पडणारा तू बांधाबांधाने फिरू लागलास, आणि चार माणसांत सांगू लागलास की तिळाच्या तेलाने गुण आला. आई ऐकायची आणि शेंगा सोलायला घ्यायची.

मग पाहुणे सुरू झाले. आधी शीळफाट्याचा मामा, त्याला कोण नको म्हणणार? मग मीठ न्यायला आलेला गाडीवान. मग मामा पुन्हा, आणि या वेळी त्याचा व्याही घेऊन. रविवारी सकाळपासून तू रस्त्यावर उभा. एकदा एक माणूस मानपाड्याची वाट विचारायला थांबला, तर "वाट कय पलून जात नाय, आधी जेव," म्हणत तू त्याला दंडाला धरून आत आणलंस. तो बिचारा गळ्यातली तुळशीची माळ दाखवत राहिला. आईने त्याला डाळभात वाढला आणि त्याच्या नावाने शिजलेलं मटण तू एकट्याने संपवलंस. पाहुणा जेवतो तेव्हा घरधन्याने सोबत जेवायचंच असतं, त्यामुळे तिला तुझं पान अडवता येईना. अंगठा पुन्हा लाल दिसायला लागला. ती माझ्यावर उखडली. "पेपरात दुनियेला शिकवतस, बापासमोर तोंड शिवलंय काय तुजं?"

तोंड शिवलेलंच होतं. मी लेख लिहिला. मांस कमी का खावं, सुरुवात कशी करावी, आठवड्यातला एक दिवस कसा ठरवावा, त्याच वाटणात काय काय शिजतं. खाली नाव घातलं नाही. अंक घेऊन आगरात आलो आणि तुला वाचता येत नाही म्हणून बांधावर बसून वाचून दाखवला. तू पाय खाऱ्या पाण्यात सोडून शेवटपर्यंत ऐकलंस, मध्ये एकदाही हसला नाहीस. "शाना मानूस हाय," म्हणालास. "पायाचा बराबर लिवलाय. त्याला आयतवारी जेवाला बोलव."

"बाबा, तो मीच आहे."

"मंग तूच पावना."

त्या रविवारी तू मला आधी पाटावर बसवलंस, पाहुण्यासारखं हातावर पाणी घातलंस. आई वाढताना माझ्याकडे बघत होती. तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. पाहुण्याने पान तसंच ठेवलं असतं तर घरधन्यालाही हात आवरावा लागला असता. बाकी काही करायचं नव्हतं. मी जेवलो.

चार दिवसांनी आगर तुडवायचं होतं. मीठ धरायच्या आधी वाफ्यांचा तळ घट्ट व्हावा म्हणून सगळे ओळीने अनवाणी तुडवत जातात आणि मुकादम पुढे असतो. तू बांधावर बसला होतास, पायाला फडकं गुंडाळून. पुढे दुसरा होता, तुझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. मालकाने त्यालाच पुढे ठेवलं, त्या वर्षी आणि नंतरही. तू लोकांना सांगितलंस की खड्ड्यात पाय मुरगळला. आईने त्यानंतर मला पेपरात काय लिहिलंस असं कधी विचारलं नाही.

मी तुझ्यावर किती वर्षं चिडत आलो. नुसतं कमी करायचं होतं रे. पाय तुझ्या डोळ्यांदेखत बरा झाला होता, शेंगा तू बोटं चाटून खात होतास, आणि तरी रस्त्यावर उभा राहून माणसं गोळा करत होतास! हे सगळं खरं आहे. पण त्या रविवारी तू एकदाच वाढून घेतलं होतंस. कलेजी दुसऱ्यांदा मी मागितली, आणि मग तूही ताट पुढे केलंस.

काल घरी आल्यावर सून म्हणाली, "बाबा, कोणी पाहुणे आले तरच मटण करायचं. चालेल ना?" तिला तुझी गोष्ट माहीत नाही. मी सांगितली नाही. आईचं वाटण तेवढं सांगितलं. उद्या ती शेंगा आणणार आहे. हे पत्र मी रिपोर्टच्या पाकिटात, रिपोर्टच्या मागे ठेवतो आहे.

आज सकाळी मी ठाकुर्लीच्या मित्राला फोन केला. रविवारी साडेबारापर्यंत पोहोचतो म्हणाला. सुनेला अजून सांगायचं आहे.