थोरल्यांची किल्ली आत जाते, फिरत नाही

मी, भागूबाई भ्रतार कै. गहिनीनाथ दळे, वय अदमासे साठ, धंदा शेती व दूधदुभते, राहणार कोल्हार, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र आपखुशीने करून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण गुडघ्यांनी कोणी मृत्युपत्र करत नाही. लिहिणार मार्तंड गुरुजी, मराठी शाळेचे. मी सांगेन ते त्यांनी शुद्ध करून लिहावे, सौम्य करून लिहू नये, असे मी त्यांना बजावले आहे.

कलम पहिले. गावठाणातले दोन खोल्यांचे घर, पडवी व गोठ्यासह, माझे स्वतःचे आहे. माहेरची पुतळ्यांची माळ आणि गोठ मोडून ते घेतले. खरेदीखत माझ्या नावाचे आहे. दागिने तुझे तर घरही तुझेच, असे यजमान स्वतः कचेरीत म्हणाले. भला माणूस, लवकर गेला. या घरात दळे भावकीचा काडीचा संबंध नाही.

हे घर माझ्यामागे माझी एकुलती मुलगी पुष्पावती हिचे. तिला केडगावला दिली होती. जावयाने दुसरी बायको केली आणि हिला एका ट्रंकेसह मोटारीत बसवून दिले, त्याला सात वर्षे झाली. माझे थोरले दीर आसाराम दळे म्हणतात की दिलेली लेक माहेरी पाहुणी, घर आपल्या मुलाला, गोरक्षला मिळावे. ते मिळणार नाही. मी जिवंत असताना नाही आणि मेल्यावर तर नाहीच नाही.

कलम दुसरे, दाराच्या कुलपाविषयी. गुरुजी म्हणतात, कुलपाला वेगळे कलम नसते. माझ्या मृत्युपत्रात असते.

माझे माहेर शिंगणापूर. तिथे घराला चौकट असते, दार नसते. कुत्रे येऊ नये म्हणून फळी आडवी लावायची, की झाले. लग्न होईपर्यंत मी कुलूप हातात धरले नव्हते. यजमानांचे दिवस झाल्यावर मी महिनाभर माहेरी गेले, ती दार नुसते लोटून. हीच माझी चूक. परत आले तर दाराला हे एवढे पितळी कुलूप, आणि तीन किल्ल्या थोरल्या दिरांच्या करदोट्याला. त्यांनी एक सोडून मला दिली, जशी काही भीक घालावी. दळ्यांकडे रीतच आहे म्हणे, थोरल्याच्या कमरेला सगळ्या घरांच्या किल्ल्या. मी डोक्यावर पदर घेऊन ती किल्ली घेतली. त्या दिवसाचा मला अजून राग येतो, त्यांचा कमी आणि माझा जास्त.

पंधरा वर्षे ते वाटेल तेव्हा आत येत. मी शेतात असले तरी येत. कणगीत हात घालून बघत. पुष्पावती आल्यापासून तर जास्तच. पोर अंघोळीला बसली तरी आतून कडी घालून वर दाराशी खाट आडवी लावायची. स्वतःच्या घरात.

मागच्या पावसाळ्याआधी नगरच्या दवाखान्यात जायचे ठरले. पोटात गाठ होती. तेव्हा कळले की आम्ही दोघी गेलो की थोरले गाडी लावून गोरक्षचा संसार इथे आणणार. मी श्रीरामपूरहून कुलुपवाल्या मच्छिंद्रला बोलावले आणि म्हटले, हे काढ, नवे घाल. तो म्हणाला, लढाईमुळे नवे मिळते ते पत्र्याचे, पोरगंही पिळून काढील. "मावशी, कुलूप झ्याक हाय. पोट उघडतो, आतल्या पट्ट्या बदलतो, दोन नव्या किल्ल्या देतो. जुनी किल्ली आत जाईल, पन फिरायची न्हाई."

मी रात्रभर विचार केला. नवे कुलूप म्हणजे उघड भांडण. थोरले पंचांना सांगणार, बाईने माझे कुलूप काढून टाकले. आतले बदलले तर बाहेरून सगळे जिथल्या तिथे. कुलूप त्यांचेच, दारावरच. ते बदलले आहे हे कळायला त्यांना एकच वाट, माझ्या माघारी येऊन माझे दार उघडायचे. सकाळी मच्छिंद्रला सांगितले, बदल पट्ट्या.

आम्ही नगरला गेल्याच्या तिसऱ्या दिवशी गाडी आली. वर खाट, जाते, हंडे. थोरल्यांनी किल्ली घातली. आत गेली, फिरेना. तेल सोडले, फुंकर मारली, दोन्ही हातांनी जोर केला. समोरच्या पारावर माणसे जमली. शेजारचे पुंजाराम त्यांना म्हणाले, "दादा, भागूबाईचं घर उघडताय व्हय? ती तर दवाखान्यात हाय." किल्लीने उघडले असते तर घरचा माणूस, कुलूप फोडले असते तर चोर. गाडी तशीच वळवून नेली. पुंजारामांनी हे दवाखान्यात येऊन सांगितले, तेव्हा मी टाके दुखेपर्यंत हसले.

तरी मी कोणाचे ठेवून घेत नाही. मच्छिंद्रने काढलेल्या जुन्या पट्ट्या मी फडक्यात बांधून ठेवल्या आहेत. त्या थोरल्या दिरांना द्याव्यात. त्यांची किल्ली त्या पट्ट्यांनाच लागते.

कलम तिसरे. गाय, दोन म्हशी, भांडीकुंडी, सगळे पुष्पावतीचे. जावयास काही नाही. दारी आला तर पाणी द्यावे, बसायला देऊ नये.

कलम चौथे. आग देईल तो वारस, असे भावकीत बोलतात. म्हणून मला गोरक्षने आग देऊ नये. पुष्पावतीने द्यावी. गावाने नावे ठेवली तर ठेवू देत, मला ऐकू येणार नाहीत.

कलम पाचवे. माझ्यामागे कुलूप तेच ठेवावे, आतले बदलावे की दार सताड उघडे टाकावे, हे एकट्या पुष्पावतीने ठरवावे. तिला कोणी विचारू नये. मीही काही सांगून जात नाही.

साक्षीदार दोन लागतात. पुंजाराम लगेच तयार झाले. दुसरा कोणी थोरल्यांच्या भीतीने येईना. आज थोरले श्रीरामपूरच्या बाजाराला गेलेले, तेव्हा त्यांची बायको, माझ्या जाऊबाई गयाबाई, आपणहून आल्या. थोरले गाडी आणणार ही बातमी मला आधीच नदीवर त्यांनीच सांगितली होती, हे आता लिहायला हरकत नाही, त्याच म्हणाल्या लिहा. गुरुजींनी त्यांना दोनदा विचारले, घरी कळल्यावर काय करणार. त्या म्हणाल्या, "लावा माझा अंगठा. मला त्ये रागावले की आत घालून बाहेरनं कडी लावत्यात. अजून काय करनार?"

साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये, असे गुरुजी सांगतात, म्हणून जाऊबाईंना मी या कागदाने काही देत नाही. माझ्या दाराची दुसरी किल्ली आत्ताच, सर्वांदेखत, त्यांच्या पदराच्या गाठीत बांधली आहे. रात्री-अपरात्री केव्हाही यावे. आतून कडी लावून घ्यावी.

वाचून दाखवले, ऐकले, बरोबर आहे.

ठिकाण कोल्हार. मार्गशीर्ष, शके १८६६. तारीख २१ नोव्हेंबर १९४४.

भागूबाई भ्रतार गहिनीनाथ दळे, निशाणी डाव्या हाताचा अंगठा

हस्ताक्षर मार्तंड गुरुजी

साक्ष
१. पुंजाराम, शेजारी, सही दस्तुरखुद्द
२. गयाबाई भ्रतार आसाराम दळे, निशाणी डाव्या हाताचा अंगठा